मागचे पाटे आणि वडापचा हिशेब

मंडळी, या शनिवारचा विषय जरा ग्रीसचा आहे: जीपचे मागचे पाटे. आपल्या कोल्हापुरात "गाडी मागनं बसतीया" म्हटलं की गॅरेजवाला सांगणार, "एक पाटा वाढवा." हे उत्तर आलं कुठून?

1941 मध्ये विलीजची जीप अमेरिकन सैन्यासाठी बनू लागली. ती पाव टनाची गाडी, चारही चाकांना पाटे. पाटा वजन तर झेलतोच, पण अ‍ॅक्सललाही जागेवर धरतो. कॉइलला त्यासाठी वेगळे दांडे लागतात. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत हीच जीप जोडायला घेतली आणि पाटेही तसेच आले.

पुढे आपल्या भागात जीपचं वडाप झालं. साठ किलोची पंधरा माणसं धरली तरी 900 किलो, वर टपावर बोचकी! तिथे वाढीव पाटा अगदी बरोबर होता.

आता माझ्या मित्राने अशीच एक रिटायर झालेली जीप घेतली आहे. जाणार कुठे, तर रविवारी दाजीपूरला, दोघं-तिघं. वाढीव पाटा मात्र तसाच आहे. रिकाम्या गाडीत असा कडक पाटा दबतच नाही. खड्ड्यात मागचं चाक उडतं, आणि घाटातल्या वळणावर ब्रेक लागताना चाक जमिनीवर नसेल तर काय होईल, ते सांगायला नको.

बरं, नुसते मऊ पाटे घातले तर? 1970 च्या रेंज रोव्हरने चारही चाकांना लांब, मऊ कॉइल दिल्या. पण सामान भरल्यावर मागची बाजू बसू नये म्हणून उंची आपोआप सावरणारं एक युनिटही मागे बसवावं लागलं. आपल्याकडे 2010 च्या थारला मागे पाटेच होते, कॉइल आल्या 2020 मध्ये.

म्हणून पाटा रस्ता बघून नाही, वजन बघून निवडावा. नेहमीची माणसं आणि सामान भरून वजनकाट्यावर जा, मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं घ्या. आणि जाडी जपून वाढवा: कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे सगळी पानं 10 टक्के जाड घेतली तर कडकपणा 33 टक्के जास्त!

मित्राला मी वजन करून वाढीव पाटा काढायला सांगितलंय. "मग लग्नाचं वऱ्हाड कसं न्यायचं?" असं त्याचे वडील विचारतात. वऱ्हाडाला दुसरी गाडी करा म्हटलं, काका.