वत्सगुल्माची फितुरी

मानोऱ्याहून मंगरूळपीरमार्गे वाशीमला पोचलो की आपण वत्सगुल्मात असतो. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरविले. पाचव्या शतकाच्या अखेरीस हे वैभव एकाएकी ओसरले. ते कसे, याचा माग महामहोपाध्याय वा. वि. मिराशींना एका संस्कृत कथेत लागला: दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तले विश्रुतचरित.

तिथे विदर्भाचा पुण्यवर्मा वारतो आणि कोवळा अनंतवर्मा गादीवर येतो. मिराशींच्या मते पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण. शेजारचा अश्मकराज वसंतभानू लगेच चढाई करीत नाही. आपल्या अमात्याचा मुलगा चंद्रपालित याला तो बापाने हाकलल्याच्या मिषाने विदर्भाच्या दरबारात घुसवतो. शिकारीने अंग चपळ होते, जुगाराने धनाचा ढीग गवतासारखा सोडायची उदारता येते, असे हा पोरगा राजाला पटवतो. म्हातारा मंत्री वसुरक्षित कळवळून सांगत राहतो. त्याचे ऐकायला कुणाला वेळ नसतो. राजाचे व्यसन हाच सद्गुण ठरवणारे असे गोड बोलणे मला सबंध कथेत सर्वांत भयंकर वाटते, कारण राज्य तिथेच गेलेले असते. पुढे वनवासीचा राजा चाल करून येतो, वसंतभानू मित्र म्हणून धावतो, आणि कुंतल, कोकण, नाशिकचे मांडलिक फोडून अनंतवर्म्याचा घात करतो. राणी मुलांना घेऊन पळते.

दंडी सातव्या-आठव्या शतकातला, कांचीचा. मग वऱ्हाडातली ही फितुरी त्याला कुठून ठाऊक? ‘अवंतिसुंदरीकथे’त त्याने पूर्वजांचे गाव अचलपूर सांगितले आहे. घरातली आठवण पणतवंडापर्यंत पोचली असावी, असे मला मनापासून वाटते. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी हीच कथा हाताशी धरून अजिंठ्याची अर्धवट लेणी वाचली: हरिषेण गेला, आश्रयदाते धास्तावले, छिन्नी थांबली. हा कालक्रम सर्वांना मान्य नाही. पण हरिषेणानंतर वत्सगुल्म शाखेचा एकही लेख मिळालेला नाही, हे खरे.

दंडीचा मूळ पाठ वसंतभानूच्या पारिपत्याआधीच तुटतो. राजपुत्र भास्करवर्म्याला विदर्भाची गादी परत मिळवून देणारा शेवट पुढे दुसऱ्याच कुणीतरी जोडला आहे.