आरोपी सापडला नाही, तरी भरपाईचा हक्क

फौजदारी खटला 'सरकार विरुद्ध आरोपी' असा चालतो. ज्याच्यावर आघात झाला, त्याचे स्थान त्यात दीर्घकाळ केवळ साक्षीदाराचे राहिले. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७नुसार भरपाई मिळे. पण ती दोष सिद्ध झाल्यावर आणि आरोपीकडूनच. आरोपी फरारी वा कफल्लक असल्यास पीडिताच्या पदरी काहीच पडत नसे.

३१ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या कलम ३५७-अ ने ही स्थिती बदलली. भरपाईची योजना आखून निधी पुरविण्याची जबाबदारी राज्यावर आली. १ जुलै २०२४पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६मध्ये आहे.

अर्ज कोठे करावा?

आरोपीचा शोध लागला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा वा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करून भरपाई द्यावी, असे कायदा सांगतो. आरोपी निर्दोष सुटला, तरी पुनर्वसनाची गरज असल्यास न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. दरम्यानच्या काळात तातडीची अंतरिम मदतही मागता येते. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिडहल्ल्यातील पीडितांसाठी २०१३पासून 'मनोधैर्य' योजना आहे.

ॲसिडहल्ल्यातील पीडितांना किमान तीन लाख रुपये द्यावेत आणि त्यातील एक लाख पंधरा दिवसांत मिळावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये 'लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार' खटल्यात दिला. बलात्कार व ॲसिडहल्ल्यातील पीडितांवर तातडीने मोफत उपचार करणे खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

अन्य हक्क

प्राथमिक माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती पोलिसांनी ९० दिवसांत कळवावी लागते. आरोपी सुटल्यास, सौम्य गुन्ह्यासाठी दोषी ठरल्यास अथवा भरपाई अपुरी वाटल्यास पीडिताला स्वतः अपील करता येते.

हे हक्क कागदावर पक्के असले, तरी अर्जाअभावी अनेकदा ते तेथेच राहतात. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविताना भरपाईची चौकशी करणे म्हणूनच अगत्याचे ठरते. विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० असा आहे.