खिळ्यावरची वही

माझ्या आईचं कॅलेंडर वाचायला शिकावं लागे. तारखेच्या चौकटीत फुली म्हणजे त्या दिवशी दुधाचा खाडा. अधिकची खूण म्हणजे अर्धा लिटर जादा. 'सि.' म्हणजे नवा सिलिंडर लावला, आणि तारखेभोवती गोल म्हणजे कामाला मावशी आल्या नाहीत. महिना संपला की दूधवाला दारात उभा राही, आई पानावरून बोट फिरवत खाडे मोजी आणि हिशेब सांगे. त्या पानाशी दूधवाल्यानं कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

तारखा पाहण्यासाठी केलेल्या वस्तूची आई वही करत होती, असं मला तेव्हा वाटे. 'कॅलेंडर' या शब्दाची कुळकथा वाचली तेव्हा कळलं, की मुळात ती वहीच होती. प्राचीन रोममध्ये महिन्याच्या पहिल्या दिवसाला 'कॅलेंडी' म्हणत. हाक मारणं, पुकारणं या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं आहे. नवा महिना लागला की पुरोहित लोकांना तसं पुकारून सांगत. कर्जाचं व्याजही त्याच दिवशी द्यायचं असे, म्हणून सावकाराच्या खतावणीला 'कॅलेंडारियम' हे नाव पडलं. तारखांच्या तक्त्याला तो शब्द पुढे चिकटला.

हा तक्ता आपल्या भिंतीवर उशिरा आला. पेशवाईतल्या मोडी कागदावर तिथी असे, आणि पुष्कळदा 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र व अरबी सुहूर सनही असे. सारावसुलीसाठी फसली सन वेगळा. किनाऱ्यावर आणखी एक गंमत होती. पोर्तुगालनं पोप ग्रेगरीची सुधारलेली कालगणना 1582 सालीच स्वीकारली, इंग्लंडनं मात्र 1752 सालापर्यंत ती धरली नाही. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्यातला पोर्तुगीज आणि मुंबईतला इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तरी दोघांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडे.

सामान्य घराला या कशाशी फारसं कर्तव्य नव्हतं. त्याचा काळ पंचांगात होता आणि पंचांग जोशीबुवांच्या हातात. पाडव्याला ते येत, नव्या वर्षाचं फळ वाचून दाखवत. रोमच्या पुरोहितासारखंच, काळ आधी कानावर पडे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांचं गणित घरी बसून करण्याजोगं नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल सारखी नसल्यामुळे कधी वीस तासांतच तिथी संपते, तर कधी ती सव्वीस तासांपर्यंत रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा सर्वसाधारण नियम. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तर एखादीला एकही सूर्योदय मिळत नाही आणि तिचा क्षय होतो. बारा चांद्रमासांचं वर्ष सुमारे 354 दिवसांचं. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत गणपत कृष्णाजींनी आपल्या शिळाछापखान्यात पंचांग छापलं आणि हे गणित विकत मिळू लागलं. पुढे सोलापूरच्या दाते पंचांगानं घराघरांत जागा मिळवली. पण छापलं तरी पंचांग वाचायला शिकलेला माणूस लागे. घटी-पळांचे बारीक आकडे आणि संक्षेपाची अक्षरं पाहून घरातली बाई ते देव्हाऱ्याशेजारी ठेवून देई आणि अडलं की विचारायला जाई.

भिंतीवर तेव्हा दुसरंच काही लटकत होतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यानं लक्ष्मी-सरस्वतीला झोपडीपर्यंत पोचवलं. तशाच चित्रांखाली तारखांचा तक्ता आणि दुकानाचं नाव छापून व्यापारी ती गिऱ्हाइकांना भेट देऊ लागले. वर्ष सरलं तरी देवाचं चित्र फेकवत नसे. तक्ता कापून तसबीर केली जाई. म्हणजे भिंतीवर इंग्रजी तारीख, देव्हाऱ्यात मराठी तिथी, आणि दोघींची गाठ घालून द्यायला शेजारचे गुरुजी.

ही गाठ जयंतराव साळगावकरांनी कायमची बांधली. मालवणच्या या ज्योतिषाच्या जाणकारानं 1973 साली 'कालनिर्णय' काढलं. एकाच चौकटीत ठळक तारीख, खाली तिथी आणि नक्षत्र, शेजारी सण. हिंदूंचे तसेच मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू यांचेही. संकष्टीचा चंद्रोदय तास-मिनिटांत, गावोगावचा वेगळा. पानामागे लेख, पाककृती, राशिभविष्य. नक्कल करणारे पुष्कळ निघाले, कारण गरज खरी होती. मला या वस्तूचं मोल वाटतं ते असं, की संकष्टीचा उपास सोडायला चंद्र किती वाजता उगवणार, सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी कोणत्या वारी येते, एकादशी आज की उद्या, हे चौथी शिकलेल्या बाईला कोणाला न विचारता कळू लागलं. जोशीबुवांकडचं ज्ञान स्वयंपाकघराच्या दाराशी, खिळ्यावर येऊन बसलं.

आणि तिथंच तिला पांढऱ्या चौकटी सापडल्या. शेजारी दोऱ्यानं पेन्सिल बांधली गेली. खाडे, इस्त्रीचे कपडे, वीजबिलाची शेवटची तारीख, धाकट्याची चाचणी परीक्षा, नळाला पाणी येणार नाही तो दिवस, नणंद येणार तो दिवस. वर्तमानपत्रात न येणारी घराची बातमी या पानावर येऊ लागली, आणि जाता-येता घरातला प्रत्येक जण ती वाचू लागला. सावकाराच्या खतावणीचं नाव घेऊन आलेली वस्तू पुन्हा खतावणी झाली. फक्त ती आता गृहिणीच्या हातची होती.

आज दुधाचे पैसे फोनवरून जातात आणि खाड्याची नोंद तिथंच होते. तिथी विचारली की फोन सांगतो. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. पण आईचा फोन आईपुरता, मुलाचा मुलापुरता. कोणाची परीक्षा कधी, कोणाचं औषध कधी संपतं, हे सगळ्यांना एका जागी दिसावं अशी भिंत त्यात नाही. फोन बदलला की त्या नोंदीही पुष्कळदा जातात.

आईच्या मागं कपाटावर तिची अकरा कॅलेंडरं गुंडाळी करून ठेवलेली सापडली. त्यांतल्या एका जूनमध्ये ओळीनं नऊ फुल्या आहेत. त्या नऊ दिवसांत घरात दूध घेतलं नव्हतं, कारण वडील इस्पितळात होते आणि आई त्यांच्या उशाशी. या दिवसांबद्दल तिनं दुसरीकडे एक अक्षरही लिहिलेलं नाही.

डिसेंबर संपला की जुनं कॅलेंडर पुस्तकांना कव्हर घालायला किंवा फळीवर अंथरायला काढू नका. वरच्या कोपऱ्यात साल लिहा, गुंडाळी करा आणि जपून ठेवा. नव्या कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधा. घराचा इतिहास लिहायला तेवढं पुरतं.