चिलकूटची वाट

चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' (१९२५) बहुतेकांनी पाहिला असेल. सुरुवातीलाच बर्फातून खिंड चढणारी माणसांची मुंग्यांसारखी रांग दिसते. त्या दृश्यामागची खरी खिंड म्हणजे चिलकूट. पीएचडी संपल्यावर एका मित्राबरोबर मी ती पायी ओलांडली.

अलास्कातल्या डायी या ओसाड गावापासून कॅनडातल्या बेनेट सरोवरापर्यंत ही वाट ५३ किलोमीटरची. आधी समुद्रकाठचं दमट जंगल लागतं: स्प्रूस, हेमलॉक, जिकडेतिकडे शेवाळ. मग झाडं खुजी होत जातात आणि शेवटी उरतात नुसते धोंडे आणि बर्फ. खिंडीची उंची जेमतेम १,०७० मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी! पण इथे चढण समुद्रसपाटीपासून सुरू होते. पाठीवरच्या १८ किलोंनी माझा पार घाम काढला.

१८९६ साली क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी हजारो लोक या वाटेने निघाले. पलीकडे उपासमार होऊ नये म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी खिंडीतच नियम लावला: वर्षभराची शिधासामग्री असेल तरच पुढे जा. अवजारं धरून हे ओझं साधारण ९०० किलो! आता इंजिनिअरचा हिशोब बघा. एका खेपेला ३० किलो धरले तर ३० खेपा, आणि मध्ये २९ वेळा रिकामं परत येणं. सगळी वाट अशी केली तर चाल ३,१२७ किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला पायी जाऊन परत येण्यापेक्षाही जास्त!

ज्यांच्याकडे पैसे होते, ते हमाल लावत. हे हमाल बहुतेक त्लिंगित लोक, आणि वाट मुळात त्यांचीच. सोन्याच्या कितीतरी आधीपासून ते माशाचं तेल घेऊन याच वाटेने आतल्या मुलखात व्यापाराला जात आणि दुसऱ्या कोणाला फिरकू देत नसत. गर्दी आली, तशी त्यांच्या पाठीला चांगली मजुरी मिळू लागली. पण वाटेवरची मालकी गेली. १८९८ मध्ये दोरावरून सामान नेणारे पाळणे आले आणि हमालीही आटली. १९०० साली शेजारच्या व्हाइट पासमधून रेल्वे पूर्ण झाली आणि डायी गाव ओस पडलं.

बर्फ वितळला की वाटेवर गंजलेले डबे आणि बुटांचे तळवे दिसतात. ती सोनं शोधणाऱ्यांची आठवण. त्लिंगितांनी तसं काही टाकून दिलं नाही. त्यांच्याच एका शाखेचं नाव मात्र अजून वाटेला आहे: चिलकूट. खिंडीत धापा टाकत बसलो असताना मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर 'सोन्याची वाट सर केली' असं घरी फोनवर सांगताना जीभ थोडी अडखळली असती.