टोनीचं पुढे काय झालं?

सूचना आधीच देऊन टाकते. 'द सोप्रानोज' ही मालिका ज्यांना अजून पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबावं. शेवट सांगणार आहे. (खरं तर तो सांगून फुटण्यासारखा शेवटच नाही, सगळं रामायण घडलं ते त्यावरूनच!)

पण टोनीकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊया, चाळीस वर्षं.

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेत मालिका सहसा संपत नसत, बंद पडत. प्रेक्षक कमी झाले की पुढच्या हंगामात ती दिसायची नाही, एवढंच. कथेचा शेवट करायची पद्धत नव्हती. एकदा काय झालं ते कळलं की जुने भाग परत कोण बघणार, ही धंद्याची भीतीही होती. ही पद्धत मोडली 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेने. १९६३ साली एबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका. डॉ. रिचर्ड किंबल यांच्यावर बायकोच्या खुनाचा खोटा आरोप येतो, फाशी ठरते, तिकडे नेणारी गाडी रुळावरून घसरते आणि डॉक्टर पळतात. खरा खुनी एका हाताचा माणूस. डॉक्टर त्याच्या मागे, लेफ्टनंट जेरार्ड डॉक्टरांच्या मागे. चार वर्षं, १२० भाग. (१९९३ चा हॅरिसन फोर्डचा सिनेमा याच्यावरचाच. आणि आपल्याकडे नागार्जुन-मनीषाचा 'क्रिमिनल' आला, तोही त्याच वळणाचा.)

२९ ऑगस्ट १९६७ ला शेवटचा भाग लागला. एका हाताच्या माणसाला जेरार्डचीच गोळी लागते, डॉक्टर निर्दोष ठरतात, कोर्टाबाहेर जेरार्ड त्यांच्याशी हात मिळवतो. संपलं. सुमारे ७ कोटी ८० लाख लोकांनी तो भाग पाहिला. त्या वेळी टीव्ही चालू असलेल्या घरांपैकी ७२ टक्के घरांत तो लागलेला होता. हा विक्रम १९८० पर्यंत टिकला. 'डॅलस'मध्ये जे.आर.ला कोणी गोळी घातली हे उघड झालं, तेव्हा मोडला.

मला या आकड्यांपेक्षा त्या रात्रीच्या सुटकेच्या निःश्वासाचं कुतूहल वाटतं. किती स्वच्छ असेल तो! चार वर्षं ज्याची बाजू घेतली तो निर्दोषच होता. म्हणजे आपणही बरोबर होतो. प्रेक्षक निवांत झोपायला मोकळा.

हा नुसता योगायोग नव्हता. अमेरिकन प्रसारकांच्या संघटनेची एक आचारसंहिता १९५२ पासून लागू होती. गुन्हा आकर्षक दिसू नये, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटू नये, असा तिचा रोख. शिवाय जाहिरातदार असायचे. साबण विकणाऱ्याला आपल्या साबणाशेजारी सुटलेला खुनी कसा चालेल? आपल्याकडे जाहिरातदारांचा एवढा जोर नव्हता तेव्हाही वेगळं काही नव्हतं. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायचं ते आठवा. पोलिसांना फोन जायचा, तपास व्हायचा, चोर सापडायचा, आणि आई म्हणायची, चला, पानं घ्या. त्याच बी. पी. सिंग यांनी पुढे शिवाजी साटम यांना घेऊन १९९८ मध्ये 'सीआयडी' आणली, तिथेही दार तुटलं की न्याय ठरलेला.

आता टोनी.

'द सोप्रानोज' १० जानेवारी १९९९ ला एचबीओवर सुरू झाली. एचबीओ वर्गणीवर चालणारी वाहिनी. मध्ये जाहिराती नाहीत, म्हणजे साबणवाला नाही. ती आचारसंहिताही १९८३ मध्येच गुंडाळली गेली होती. टोनी सोप्रानो न्यू जर्सीतल्या माफिया टोळीचा म्होरक्या. पण आपल्याला तो भेटतो मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या समोरच्या खुर्चीत. पोहण्याच्या तलावात उतरलेली बदकं उडून गेली म्हणून याला चक्कर येते! वर खाष्ट आई, शाळेत गटांगळ्या खाणारा मुलगा, हुशार मुलगी, सगळं जाणून न जाणल्यासारखं करणारी बायको. आपल्या ओळखीतलं घर वाटावं असं.

मग पाचवा भाग आला, फेब्रुवारी १९९९ मध्ये. टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन गेलेला असतो. वाटेत टोळीशी गद्दारी केलेला एक जुना माणूस दिसतो. टोनी त्याला स्वतःच्या हातांनी, तारेने गळा आवळून मारतो आणि परत बाप होऊन मुलीला आणायला जातो. वाहिनीच्या लोकांना धास्ती होती की नायकाने असं केलं तर प्रेक्षक मालिका सोडून जाईल. निर्माते डेव्हिड चेस ठाम राहिले. म्होरक्या असून त्याने गद्दाराला सोडलं तर तो खरा वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

प्रेक्षक कुठेही गेला नाही. गुन्हेगारी मालिकांच्या इतिहासातली खरी घटना माझ्या मते ही आहे. शेवटचा काळा पडदा त्यानंतरचा.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीतच राहत होतो, त्यामुळे मालिकेतले हमरस्ते ओळखीचे. रविवारी रात्री नऊला भांडी सिंकमध्ये टाकून मी आणि नवरा सोफ्यावर. १३ मे २००७ च्या भागात टोनीने अपघातात जखमी झालेल्या क्रिस्टोफरचं, म्हणजे मुलासारख्या वाढवलेल्या पोराचं, नाक दाबून धरलं आणि तो मरेपर्यंत शांतपणे बघत बसला. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. पुढच्या रविवारी नऊ वाजता मी परत सोफ्यावर होते. आणि टोनीच्या जिवावर बेतलं की काळजी वाटत होतीच!

१० जून २००७. ८६ वा, शेवटचा भाग. प्रतिस्पर्धी फिल पेट्रोल पंपावर मारला गेलेला, टोनीवर खटला येणार अशी चिन्हं. ब्लूमफील्ड गावातल्या 'होल्स्टेन्स' या आइस्क्रीमच्या दुकानात तो जाऊन बसतो, जर्नी बँडचं एक गाणं लावतो. बायको येते, मुलगा येतो. 'मेंबर्स ओन्ली' जॅकेटमधला एक माणूस बाथरूममध्ये जातो. बाहेर मुलीला गाडी नीट लावता येत नाहीये. कांद्याच्या रिंगा येतात. दाराची घंटा वाजते, टोनी वर बघतो...

आणि काळा पडदा. काही सेकंद आवाज नाही, काही नाही. मग श्रेयनामावली, तीही मुकी.

देशभरात लोकांना वाटलं, केबल गेली. आमच्याकडे नवऱ्याने उठून डब्याच्या वायरी हलवल्या. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. तिने खोलीतून विचारलं, "अगं, मग मेला का सुटला?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "आठ वर्षं बघताय ना? मग?"

दुसऱ्या दिवशी एकच गदारोळ. एचबीओची वेबसाइट कोसळली. फसवणूक झाली म्हणणारे एकीकडे, थोर कलाकृती म्हणणारे दुसरीकडे. चेस यांनी खुलासा करायला नकार दिला. २०२१ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी आधीची कल्पना सांगितली: टोनी लिंकन बोगद्यातून न्यूयॉर्कला बैठकीला जातो आणि तिथे मरतो. झालं, "बघा, मेलाच!" म्हणून लोक परत उठले.

मला मात्र चेस यांचं २००७ मधलंच एक म्हणणं जास्त टोचतं. त्याचा आशय असा: आठ वर्षं ज्याला तुम्ही डोक्यावर घेतलंत, त्याच्याच रक्ताची शेवटी तुम्हाला तहान लागावी?

विचार केला तर तहान होतीच. पण ती न्यायाची होती असं मला वाटत नाही. टोनी मेला असता तर हिशेब मिटला असता. पापाला शिक्षा झाली, आपण हात झटकून मोकळे. नाक दाबलेला क्रिस्टोफर, तार आवळलेला तो माणूस, सगळं त्याच्या खाती. आपण फक्त बघत होतो. १९६७ च्या प्रेक्षकाला डॉक्टर किंबलने हे समाधान प्रामाणिकपणे दिलं, कारण त्याने एका निरपराध माणसाची साथ केली होती. आमची साथ तशी नव्हती. ती आवडीने, सगळं दिसत असताना केलेली होती. मग ७२ टक्के घरांतला तो निःश्वास आम्हाला कोणत्या तोंडाने मागायचा?

काळा टीव्ही म्हणजे शेवटी एक काच. दिवा चालू असेल तर त्यात सोफ्यावरचे लोक दिसतात. चेस यांच्या मनात हे होतं की नाही, ते तेच जाणोत. मला त्या काही सेकंदांत आम्ही दोघं दिसलो होतो, एवढं खरं.

जेम्स गॅन्डोल्फिनी १९ जून २०१३ ला रोममध्ये गेला, अवघ्या ५१ व्या वर्षी. होल्स्टेन्सने ते टेबल राखीव ठेवून त्याला निरोप दिला. टोनी बसला होता ती बाकडी २०२४ मध्ये लिलावात ८२,६०० डॉलर्सला गेली. कोणीतरी एवढे पैसे मोजून त्या खुन्याची जागा घरी नेली! मी हसले, आणि लगेच मनात आलं, आमची तर फुकटात आठ वर्षं त्याच टेबलाशी बैठक होती.

असो. मेला का सुटला, हे मला आजही माहीत नाही. आणि कळावं असंही आता वाटत नाही.