एका पिंपाचे अनेक भाव

पेट्रोलचा दर वाढला की चार दिवसांत एक तक्ता हातोहात फिरू लागतो. डाव्या बाजूला देशांची नावे, उजवीकडे लिटरचा भाव. पाकिस्तानात इतका, नेपाळात इतका, अमेरिकेत इतका आणि तळाशी आपला. मी शासकीय सेवेतला असल्यामुळे परिचितांचा प्रश्न ठरलेला असतो: तेल सगळ्यांचे एकाच बाजारातून येते, मग भाव असे निरनिराळे का? प्रश्न रास्त आहे. तक्ता मात्र बहुधा सदोष असतो. नेपाळचा भाव नेपाळी रुपयांतच छापलेला असतो. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा विनिमय दर १९९३ पासून स्थिर आहे, हे तक्ता करणाऱ्याच्या गावीही नसते. अमेरिकेचा भाव गॅलनचा असतो, आणि अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. शिवाय भाव रुपयांत मांडला की तो भरणाऱ्याची रोजची मिळकत दिसत नाही. अमेरिकेत लिटरभर पेट्रोल काही मिनिटांच्या मजुरीत येते; आपल्याकडे शेतमजुराला त्यासाठी दिवसाच्या रोजगारातला मोठा हिस्सा मोजावा लागतो. म्हणून तर आपल्या रस्त्यांवरच्या वाहनांत जवळजवळ तीनचतुर्थांश दुचाकी आहेत.

असो. या त्रुटी दूर करता येतात. त्या दूर केल्यावरही जो फरक शिल्लक राहतो, त्याविषयी मला लिहायचे आहे. कच्चे तेल, त्याचे शुद्धीकरण आणि वाहतूक यांचा खर्च देशोदेशी फारसा बदलत नाही. बदलतो तो त्यावर राज्यसंस्थेने लावलेला कर, किंवा तिने सोसलेली तूट. आणि जेथे दोन भाव एकमेकांना भिडतात, तेथे कोणाला तरी पहारा द्यावा लागतो.

प्रथम ब्रिटन आणि अमेरिका यांच्याकडे पाहू. लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर गॅलनमागे ३ पेन्स कर बसविला. मोटारवाल्यांचा पैसा रस्त्यांसाठीच वापरला जाईल, असे तेव्हा आश्वासन होते. १९२६ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी रस्तानिधीतील रक्कम सर्वसाधारण तिजोरीकडे वळविली आणि ते आश्वासन व्यवहारात संपले. तेव्हापासून ब्रिटनमध्ये पेट्रोल हे तिजोरी भरण्याचे साधन ठरले. १९९३ साली तर दरवर्षी महागाईपेक्षा अधिक वेगाने इंधनकर वाढविण्याचे धोरणच जाहीर झाले, आणि सप्टेंबर २००० मध्ये मालमोटारवाल्यांनी व शेतकऱ्यांनी तेल डेपोंच्या दारांत ठिय्या देऊन काही दिवसांत देश जवळजवळ थांबविला.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. ओरेगन राज्याने १९१९ मध्ये गॅलनमागे १ सेंट कर लावला तो रस्त्यांसाठी. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायचे ठरले, तेव्हा संघराज्याने महामार्ग न्यासनिधी निर्माण केला आणि पेट्रोलकर त्याला बांधून टाकला. परिणाम असा, की अमेरिकी नागरिकाच्या मनात पेट्रोलकर म्हणजे रस्त्याचे भाडे. त्याहून अधिक मागणे म्हणजे लूट. संघराज्याचा कर १९९३ मध्ये गॅलनमागे १८.४ सेंट झाला आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाच्या सरकारला तो वाढविण्याचे धैर्य झालेले नाही. एकाच भाषेच्या, एकाच बाजारातून तेल घेणाऱ्या दोन देशांतील भावाचे अंतर हे असे पडले आहे. त्याच्या मुळाशी तेल नाही, शंभर वर्षांपूर्वीचा एक हिशेब आहे.

भारताची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिचा प्रारंभ पेट्रोलपासून नव्हे, रॉकेलपासून होतो. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने सोव्हिएत रशियाचे रॉकेल भारतात आणून विकण्यास सुरुवात केली. रॉयल डच-शेलचे हेन्री डेटर्डिंग यांची बाकूमधील मालमत्ता बोल्शेविकांनी जप्त केली होती. त्यांच्या दृष्टीने हा चोरीचा माल होता. त्यांनी भारतात भाव पाडले आणि हे दरयुद्ध पाहता पाहता इतर देशांत पसरले. ते मिटविण्यासाठी १९२८ च्या उन्हाळ्याअखेर स्कॉटलंडमधील अ‍ॅक्नाकॅरी किल्ल्यात डेटर्डिंग, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियनचे जॉन कॅडमन एकत्र जमले. जाहीर कारण शिकारीचे होते. प्रत्यक्षात जगाची बाजारपेठ आहे त्या प्रमाणात वाटून घेण्याचे तेथे ठरले. तेल कोठूनही निघो, त्याचा भाव मेक्सिकोच्या आखातातून निघाल्याप्रमाणे जहाजभाड्यासह आकारायचा, हा या व्यवस्थेचा एक आधार होता. म्हणजे इराणमधील आबादानहून मुंबईला आलेल्या तेलावर भारतीय ग्राहक टेक्सासहून येण्याचे भाडे भरत असे. जे जहाज कधी निघालेच नाही, त्याचे भाडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला स्वतःच्या आरमारासाठी हाच भाव मोजावा लागला, तेव्हा कोठे इराणच्या आखाताला स्वतंत्र आधारस्थान मिळाले.

त्याच सुमारास मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समिती देशभर साक्षी घेत होती. १९२७ साली नेमलेल्या या समितीने पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर लावून तो केवळ रस्त्यांसाठी राखावा, अशी शिफारस केली. १९२९ मध्ये कर ४ आण्यांवरून ६ आणे झाला आणि केंद्रीय रस्तानिधी अस्तित्वात आला. जयकरांचे नाव आपण राजकारण, कायदा आणि पुणे विद्यापीठ यांच्या संदर्भात घेतो. पेट्रोल पंपावर ते कोणाला आठवत नाही. अमेरिकी तत्त्व आणि ब्रिटिश तिजोरी या दोहोंचा वारसा आपल्याला मिळाला तो येथे.

स्वातंत्र्यानंतर परकीय कंपन्यांच्या भावसूत्राची छाननी करण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. १९६१ ची दामले समिती आणि १९६९ ची शांतिलाल शहा समिती ही त्यांतली ठळक नावे. १९७३ चा तेलधक्का बसला तेव्हा विरोधी पक्षातील अटलबिहारी वाजपेयी भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारकडे आली. यानंतरच्या पाव शतकात इंधनाचा भाव मंत्रालयात ठरत असे. एका पदार्थावर अधिक घेऊन दुसऱ्यावर कमी घ्यायचे आणि बाकी ‘ऑइल पूल’ नावाच्या खात्यात जमा-खर्ची टाकायची, अशी ती पद्धत. पेट्रोल श्रीमंताचे, डिझेल शेतकऱ्याचे व मालमोटारीचे, रॉकेल गरिबाचे. या सामाजिक वर्गवारीवर भाव आकारले गेले. १ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत कागदोपत्री संपली, ती वाजपेयी यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात. पुढे कच्चे तेल भडकल्यावर कंपन्यांना तेलरोखे देऊन तूट पुढच्या पिढीवर ढकलली गेली, आणि रॉकेलला तर २००२ नेही स्पर्श केला नाही.

इतर देशांनी अशीच वर्गवारी केली नाही असे नाही. जर्मनीच्या जीटीझेड या विकास सहकार्य संस्थेने १९९९ पासून बरीच वर्षे देशोदेशींच्या पंपावरील भावांची तुलना प्रसिद्ध केली. ती मला आजही आदर्श वाटते, कारण तिने देशांची केवळ क्रमवारी लावली नाही. कच्च्या तेलाच्या भावाची एक रेषा, अमेरिकेतील पंपावरील भावाची दुसरी. पहिल्या रेषेखालचा देश तेल उघडउघड तोट्यात वाटतो. दोहोंच्या मधला देश थोडी सवलत देतो. दुसरीच्या वरचा कर घेतो. या पट्ट्यांवर नजर टाकली की एक विलक्षण गोष्ट दिसते. नॉर्वे स्वतः तेल उत्पादक, पण तेथील पंपावरचा भाव जगातील सर्वांत चढ्या भावांपैकी. तेलाची मिळकत १९९० च्या कायद्याने स्थापलेल्या निधीत भावी पिढ्यांसाठी जाते. व्हेनेझुएलाही तेल उत्पादक, पण तेथे पेट्रोल बाटलीतल्या पाण्याहून स्वस्त राहिले. स्वस्ताईची ही सवय मोडणे किती महाग पडते हे त्या देशाने फेब्रुवारी १९८९ मध्ये अनुभवले. इंधन व बसभाडे वाढताच काराकासमध्ये दंगली उसळल्या, शेकडो माणसे मारली गेली, आणि त्यानंतर सरकारे या विषयाला हात लावेनाशी झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणने एका रात्रीत भाव वाढविले तेव्हाही रक्तपात झाला.

या दोन्ही देशांतले स्वस्त तेल देशात टिकत नसे. व्हेनेझुएलाचे पेट्रोल कोलंबियातल्या कुकुता शहराच्या रस्त्यांवर कॅनमधून विकले जाई. इराणचे डिझेल बलुचिस्तानातून पाकिस्तानात उतरे. सीमेवर भावाची उतरण असली की तेल वाहणारच.

आपल्या देशातली सर्वांत तीव्र उतरण मात्र कोणत्याही आंतरराष्ट्रीय सीमेवर नव्हती. ती रास्त भावाच्या दुकानात होती. २००२ ते २०१० या काळात शिधापत्रिकेवरचे रॉकेल दिल्लीत लिटरला सुमारे ९ रुपयांवर थांबले होते, आणि त्याच काळात डिझेल त्याच्या चौपटीकडे सरकत गेले. दोन्ही द्रव रासायनिक दृष्ट्या सख्खे शेजारी. पुरवठा विभागात काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते, की पेट्रोलसाठी फिल्टर पेपरची चाचणी थोडीफार उपयोगी पडते, पण डिझेलमध्ये मर्यादित रॉकेल मिसळले तर साधे घनतामापक ते सहजी पकडत नाही. नोंदलेल्या घनतेत ०.००३ पर्यंतचा फरक नियमानेच ग्राह्य असतो. मिसळणारा या मर्यादेचा अभ्यास आमच्यापेक्षा बारकाईने करतो. शिधापत्रिकेवरच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला, तर रंग काढण्याच्या युक्त्या निघाल्या. २००६ मध्ये रासायनिक खूणद्रव्य मिसळण्याची योजना आली आणि दोनतीन वर्षांत गुंडाळली गेली. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००५ मध्ये अंदाज केला, की शिधावाटपाच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के अन्यत्र वळते. ज्या झोपडीतल्या दिव्यासाठी ही सवलत होती, तिच्या वाट्याचे रॉकेल मालमोटारीच्या टाकीत जळत होते.

या ३८ टक्क्यांच्या वाटेत माणसे उभी होती. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी एस. मंजुनाथ यांची हत्या झाली. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडी येथून जात असताना त्यांना एका धाब्यापाशी टँकरमधून तेल काढले जात असल्याचे दिसले. ते थांबले. भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, आणि त्या परिसरातली चोरी कोणाला अपरिचित नव्हती. त्या दिवसांत ‘तेलमाफिया’ हा शब्द वर्तमानपत्रांत वारंवार छापून आला, छापे पडले, अटका झाल्या. मला तेव्हा आणि आजही अस्वस्थ करते ते असे, की माफियाला पोसणारा भावातला फरक शासनाच्याच परिपत्रकाने निर्माण केलेला होता. भाव ठरविणारा विभाग दिल्लीत होता. त्या फरकाच्या काठावर उभा राहण्याचे काम तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे होते, सोबत एक वाहनचालक आणि फार तर एक लिपिक. दर निश्चित करणाऱ्या कोणत्याही टिपणीत या खर्चाचा रकाना मी पाहिलेला नाही.

पुढे हे फरक हळूहळू बुजविले गेले. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधली चार वर्षे हाही एक धडाच आहे: मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१ रुपये होते, आणि शेतकऱ्याच्या नावाने स्वस्त ठेवलेले डिझेल भरण्यासाठी शहरांतले सुस्थित लोक डिझेलच्या मोटारी घेत होते. निम्म्याहून अधिक नव्या मोटारी तेव्हा डिझेलच्या निघत. रॉकेलचा भाव २०१६ पासून थोडा थोडा चढवीत २०२० पर्यंत सवलत संपविण्यात आली. स्वयंपाकाचा गॅस आणि वीज खेड्यांत पोहोचल्यामुळे त्याविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत.

उतरण संपली असे मात्र नाही, ती जागा बदलते. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरील व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले, आणि सिंधुदुर्गातील वाहनधारकाला सीमेपलीकडचा पंप एकदम जवळचा वाटू लागला. त्यापेक्षा रंजक प्रकार बिहारच्या उत्तर सीमेवर घडला. नेपाळला लागणारे सगळे तेल इंडियन ऑइल पुरविते. सप्टेंबर २०१९ पासून मोतिहारी ते अमलेखगंज अशी नळवाहिनीच टाकलेली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतातील कर इतके वाढलेले होते, की तेच पेट्रोल नेपाळात २० रुपयांहून अधिक स्वस्त पडत होते. दिवसा उत्तरेकडे गेलेले पेट्रोल, रात्री शेतांतल्या पायवाटांनी सायकलला लटकविलेल्या कॅनमधून रक्सौलकडे परत येत होते.