एक इंच नेमका किती? कॅमेऱ्यांच्या किमतींचा इतिहास लिहिताना

एखाद्या वस्तूच्या किमतीचा इतिहास लिहायचा तर आपण आधी आकडे गोळा करतो. अमुक साली अमेरिकेत इतके डॉलर, ब्रिटनमध्ये इतके पौंड. तक्ता भरतो, आलेख निघतो, निष्कर्षही निघतो. पण तक्त्यातल्या सगळ्या खान्यांत एकाच गोष्टीची किंमत आहे का, हे तपासायचं राहून जातं. असा तक्ता कसा फसवतो हे समजून घ्यायला डिजिटल कॅमेरा हे उत्तम उदाहरण आहे.

आधी मापाचं बघू. फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा जो सिलिकॉनचा तुकडा बसवतात, तो सेन्सर. बाजारात ‘एक इंची सेन्सर’ असं सर्रास म्हणतात. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. प्रत्यक्षात हा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. मग हा इंच आला कुठून? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असायची. इंच हा त्या नळीचा बाहेरचा व्यास. चित्र उमटायचं ती जागा आत, साधारण १६ मिलिमीटर कर्णाची. नळ्या गेल्या, मापाचं नाव मात्र राहिलं.

बाकीची नावंही अशीच वारशाने आलेली आहेत. ‘फुल फ्रेम’ म्हणजे २४ × ३६ मिलिमीटर. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म फोटोसाठी वापरली आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला, तेव्हापासून रूढ झालेली ही चौकट. ‘एपीएस-सी’ हे नाव १९९६ साली आलेल्या एपीएस फिल्मवरून पडलं. ती फिल्म फार काळ टिकली नाही, नाव टिकलं. त्यातही कॅननचा एपीएस-सी सेन्सर साधारण २२.३ × १४.९ आणि निकॉन, सोनीचा साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर. म्हणजे नाव एक, क्षेत्रफळ वेगळं.

आता अमेरिकेतल्या किमती. १९९९ मध्ये एपीएस-सी आकाराचा निकॉन डी१ सुमारे साडेपाच हजार डॉलरला आला. चारच वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच वर्गातला कॅनन ३००डी लेन्सशिवाय ८९९ डॉलरला मिळू लागला. फुल फ्रेमचं असं झालं नाही. २००२ चा कॅनन १डीएस सुमारे आठ हजार डॉलर, २००५ चा ५डी ३,२९९ आणि २०१३ चा सोनी ए७ १,६९९. दोन हजारांच्या खाली यायला अकरा वर्षं लागली.

असं का? सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, एकदम बरेच तयार करतात आणि मग कापतात. तुकडा मोठा असला की एका चकतीत कमी बसतात, गोलाच्या कडेला जास्त भाग वाया जातो, आणि एखादा दोष आला तर मोठा तुकडा अख्खा फुकट जातो. शिवाय फुल फ्रेमचा आराखडा वेफरवर एका दमात उमटवता येत नसे, तो भागाभागाने जोडावा लागे. म्हणून क्षेत्रफळ अडीचपट झालं की खर्च अडीचपटीवर थांबत नाही.

याच मुद्द्यावर कॅननने २००६ मध्ये एक माहितीपत्र काढलं. त्यात म्हटलंय की आठ इंची चकतीवर फुल फ्रेम सेन्सर २० बसतात, एपीएस-सी सुमारे २००. हे आकडे पुढे असंख्य ठिकाणी जसेच्या तसे उचलले गेले. आता कागद-पेन्सिल घ्या. आठ इंची चकतीचा व्यास २०० मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मिलिमीटर. कॅननचा एपीएस-सी सेन्सर सुमारे ३३० चौरस मिलिमीटर. भागाकार करा: कापताना काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी ९५. दोनशे बसणं शक्यच नाही. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४, म्हणजे कमाल ३६. तिथे २० हा आकडा पटण्यासारखा आहे.

यातून मोठा सेन्सर महाग का, हा युक्तिवाद कोसळत नाही. पण ‘दहापट’ हा आकडा तुमच्या प्रबंधात जाऊ नये. आणि कागद कुणी लिहिलाय हेही बघा. फुल फ्रेम विकणारी कंपनी तो का महाग आहे हे ग्राहकाला समजावतेय. साधन म्हणून कागद मोलाचा आहे, त्यातला आकडा मात्र तपासूनच घ्यायचा.

देश बदलला की आणखी गुंता होतो. सोनी ए७ ची ब्रिटनमधली जाहीर किंमत १,२९९ पौंड होती. तेव्हा एका पौंडाला साधारण १.६ डॉलर पडत, म्हणजे झाले २,०७८ डॉलर. अमेरिकेत १,६९९. ब्रिटिश ग्राहक २२ टक्के जास्त मोजतोय असं वाटतं. पण ब्रिटनच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, अमेरिकेच्या किमतीत विक्रीकर नसतो, तो राज्यागणिक वेगळा लागतो. व्हॅट काढला की उरतात सुमारे १,७३२ डॉलर. फरक दोन टक्क्यांचा!

कराने कधी कधी यंत्राचं रूपही ठरवलंय. युरोपीय संघात सलग ३० मिनिटं किंवा जास्त चित्रीकरण करू शकणारा कॅमेरा जकातीसाठी व्हिडिओ कॅमेरा ठरायचा आणि त्यावर जकात लागायची. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यावर ती नव्हती. म्हणून अनेक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबत.

तेव्हा तक्ता करताना किमतीच्या शेजारी आणखी काही रकाने ठेवा: सेन्सरची मिलिमीटरमधली लांबी-रुंदी, कर धरलाय की नाही, किंमत कोणत्या तारखेची, लेन्ससकट की नुसती बॉडी. तारीख का, तर भारतात १ जानेवारी २०१९ ला डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत तीच ठेवली तरी ग्राहकाची किंमत एका रात्रीत पावणेआठ टक्क्यांनी उतरते, आणि त्यात तंत्रज्ञानाचा काडीचाही संबंध नाही. आणखी एक रकाना नावाचा. कॅनन ३००डी जपानमध्ये ‘किस डिजिटल’ आणि अमेरिकेत ‘डिजिटल रेबेल’ या नावाने विकला गेला. एकाच नावाने जुने अंक चाळलेत तर दोन मोठ्या बाजारपेठा तुमच्या हातून निसटतील.